टेसरॅक्ट ५ सोर्सपासून कंपाइल करतोय, पण 'मेक' पुढेच सरकत नाही (मिंट २१, वाचनालयाचा जुना डेस्कटॉप)

कातळसडा

मंडळी, नमस्कार. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात जुने बांधीव अंक, स्मरणिका आणि स्वातंत्र्यापूर्वीची काही पुस्तकं आहेत. सगळी खिळ्यांच्या छपाईची. दमट हवेने कागद तांबूस झालाय, कडांना पाण्याचे डाग आणि बुरशी आहे, काही ठिकाणी वाळवी लागून गेली आहे. आणखी किती पावसाळे टिकतील सांगता येत नाही, म्हणून आम्ही तिघेचौघे ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) त्यातला मजकूर काढतोय. म्हणजे पुढे एखाद्याला गावाचं किंवा माणसाचं नाव शोधायचं असेल तर सापडेल.

मशीन : दोन कोअरचा जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, लिनक्स मिंट २१. मिंटच्या भांडारातून (तयार पॅकेजांच्या अधिकृत साठ्यातून) टेसरॅक्ट ४.१.१ मिळतं. डाग असलेल्या पानांवर ते अगदी कोसळतं, डागाखालचा निम्मा परिच्छेद गायबच होतो. वाचल्यावर कळलं की ५ मध्ये पान काळं-पांढरं करण्याच्या नव्या पद्धती आल्या आहेत, त्यातली सॉव्होला नावाची पद्धत पानाच्या प्रत्येक भागासाठी वेगळा उंबरठा (किती गडद ते काळं धरायचं ती सीमा) काढते. ४ मध्ये ती सोय नाही. म्हणून ५ हवंय.

वाचनालयात नेट नाही. सड्यावर गेलं तर मोबाइलला रेंज येते. त्यामुळे एका मित्राने तालुक्याच्या गावी त्याच्या लॅपटॉपवर गिट क्लोन करून (म्हणजे सोर्स उतरवून), सगळ्याचा टार करून (एका फाइलीत बांधून) पेनड्राइव्हवर दिला. लागणारी डेव्ह पॅकेजंही (बांधणीपुरत्या लागणाऱ्या फाइलींची) तशीच आणली. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप रोमनमध्येच करायच्या.)

डॉट स्लॅश ऑटोजेन डॉट एसएच – झालं.
डॉट स्लॅश कॉन्फिगर – झालं, शेवटी सगळं ठीक असल्याचं लिहून आलं.
मेक (प्रत्यक्ष बांधणी करणारी आज्ञा) – आणि इथे अडलं. कंपाइल सुरूच होत नाही. ऑटोमेक, ऑटोकॉन्फ (कॉन्फिगर तयार करणारी साधनं), मग परत कॉन्फिगरची ती लांबलचक 'चेकिंग… येस' यादी, ती संपली की परत ऑटोमेक. गोल गोल फिरतंय. कंट्रोल-सी दाबेपर्यंत थांबत नाही. एरर म्हणावी अशी ओळच नाही. कोणी पाहिलंय का असं?

नवशिका_कुडाळ

दादा, मेक क्लीन करून बघितलंत का? आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये काही अडलं की सर तेच सांगतात.

कातळसडा

केलं. मेक क्लीन म्हटलं तरी आधी तेच चक्र सुरू होतं. क्लीनपर्यंत पोचतच नाही.

करवंद

कातळसडा, सगळं आउटपुट एका फाइलमध्ये घ्या. मेक २>&१ | टी बांधणी.लॉग, म्हणजे पडद्यावरही दिसेल आणि फाइलमध्येही राहील. थोडा वेळ चालू द्या, थांबवा आणि त्या फाइलच्या पहिल्या वीस ओळी इथे द्या. शेवटच्या नकोत, पहिल्या.

हे नव्यांसाठी मुद्दाम लिहिते. बांधणी अडली की जवळजवळ सगळे शेवटची ओळ चिकटवतात : 'मेक : एरर १' किंवा 'एरर २'. ती ओळ फक्त एवढंच सांगते की आतल्या पायरीत काहीतरी फसलं. खरं कारण त्याच्या कितीतरी वर, पहिल्या एररपाशी किंवा पहिल्या वॉर्निंगपाशी असतं. पुढच्या सगळ्या ओळी त्या एकाची पिलावळ. दोन जॉब एकदम चालू असतील तर ओळी एकमेकांत मिसळतात, म्हणून कारण शोधताना एकच जॉब ठेवून चालवा. आणि संगणक मराठीत वापरत असाल तर आज्ञेच्या आधी एलसी_ऑल=सी लावा. संदेश इंग्रजीत येतील आणि शोधायला सोपे जातील.

कातळसडा

ताई, पहिल्या ओळी पाहिल्या. सगळ्यात वर हे आहे (मराठीत सांगतो) : 'मेक : वॉर्निंग : कॉन्फिगर डॉट एसी या फाइलची बदलाची वेळ भविष्यातली आहे'. पुढे इतके सेकंद पुढे म्हणून मोठा आकडा आहे. तसंच मेकफाइल डॉट एएम बद्दल. त्याच्याखाली लगेच ऑटोमेक सुरू होतं.

बांदा_नाका

अरे बाबा, आधी घड्याळ बघ. माझ्या दुकानातल्या मशीनार पावसाळ्यात ह्याच होता. लाईट गेली की तारीख खंयच्या खंय जाता. डेट म्हणून टाइप कर आणि काय येता ता सांग. मदरबोर्डावरची बॅटरी मेली असतली.

कातळसडा

बरोबर! डेटने १८ मे दाखवलं. आज जुलै आहे. पॅनलवर फक्त वेळ दिसते, तारीख दिसत नाही आणि वेळेसाठी आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पण एक कळलं नाही. बॅटरी मेली असेल तर तारीख बोर्ड बनला त्या सालात जायला हवी ना? इथे साल बरोबर आहे, महिनाच मागे आहे.

करवंद

चांगला प्रश्न आहे. जुन्या लिनक्सवर तसंच व्हायचं, तारीख सरळ बोर्डाच्या सुरुवातीच्या सालात जायची आणि लगेच ध्यानात यायचं. आता सिस्टमडी असतं. त्यातला वेळ जुळवणारा भाग, टाइमसिंकडी, शेवटचा इंटरनेटवरून वेळ जुळवली तो क्षण डिस्कवर नोंदवून ठेवतो. मशीन सुरू होताना बोर्डावरचं घड्याळ त्याच्याही मागे असेल तर निदान त्या क्षणापर्यंत तरी वेळ पुढे आणून ठेवतो. म्हणजे तुमच्या मशीनला शेवटचं नेट मे महिन्यात मिळालं असणार. दर वेळी वीज जाऊन आली की तुमचा संगणक पुन्हा त्या दिवसापाशी येऊन उभा राहतो.

आता चक्र का फिरतं ते. मित्राने लॅपटॉपवर गिट क्लोन केलं. गिट फाइलींवर क्लोन केल्याची वेळ टाकतं, म्हणजे जुलै. टारने ती वेळ तशीच जपली. तुम्ही ऑटोजेन चालवलंत तेव्हा कॉन्फिगर ही फाइल तुमच्या मशीनवर तयार झाली, तिच्यावर पडला मे. मेक फक्त एवढंच बघतं : जी बनवायची ती फाइल, ज्यापासून बनते तिच्यापेक्षा जुनी आहे का? कॉन्फिगर मेमधली, कॉन्फिगर डॉट एसी जुलैमधली. म्हणजे कॉन्फिगर शिळी. म्हणून मेक ती पुन्हा बनवतं. नवी बनते तीही मेमधलीच. मेकफाइल बदलली म्हणून मेक स्वतःला पुन्हा सुरू करतं, पुन्हा बघतं, पुन्हा शिळी. याला अंत नाही.

अधिकृत रिलीजचा टार, ज्यात कॉन्फिगर आधीच बनवलेली असते, तो असता तर कॉन्फिगरनेच सुरुवातीला 'तुमचं घड्याळ तपासा' म्हणून थांबवलं असतं. ती तपासणी नवी बनवलेली फाइल कॉन्फिगरपेक्षा जुनी आहे का एवढंच बघते. तुमच्याकडे दोन्ही मेच्या, म्हणून सुटली.

उपाय :

सुडो डेट -एस देऊन आजची तारीख-वेळ टाका. मग सुडो एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी, म्हणजे ती बोर्डावर लिहिली जाईल. नंतर बांधणीचं सगळं फोल्डर काढून टाका आणि टार नव्याने उलगडा. अर्धवट दुरुस्ती करत बसू नका. बॅटरी सीआर२०३२ असेल, गोल नाण्यासारखी, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळेल. मशीन बंद करून, प्लग काढून मगच बदला. ती बदलली नाहीत तर पुढच्या वेळी वीज गेली की परत हेच.

दर्यावर्दी

करवंदताईंनी छान उलगडून सांगितलं. इतिहासातली एक गोष्ट जोडतो. मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्यांचा एक सहकारी बराच वेळ एका प्रोग्रॅममधला दोष शोधत बसला होता. दोष दुरुस्त झालेला होता, पण बदललेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती, तो जुनाच प्रोग्रॅम चालवून बघत होता. कोणती फाइल कशानंतर बदलली हे माणसाने लक्षात ठेवू नये, यंत्राने ठेवावं, यातून मेक जन्मलं. म्हणजे वेळ हाच त्याचा पाया आणि घड्याळ हललं की सगळंच डळमळलं. पन्नासेक वर्षं झाली तरी मूळ कल्पना तीच आहे.

पेनड्राइव्हवरच बांधणी करू नका, हेही सांगून ठेवतो. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट पद्धतीने फॉर्मॅट केलेले असतात. त्यावर सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नावं) बनत नाहीत, फाइल चालवण्याची परवानगी नीट राहत नाही आणि वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते. टार घरच्या डिस्कवर आणून तिथेच उलगडा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको. 'नवीन फोल्डर' मध्ये ठेवलंत तर कॉन्फिगर तिथेच नकार देईल.

अबोली

मी जरा वेगळ्या बाजूने विचारते. हे कंपाइल करायची खरंच गरज आहे का? उबुंटू २२.०४ साठी, म्हणजे मिंट २१ साठीही, टेसरॅक्ट ५ चं पीपीए (अधिकृत भांडाराबाहेरचा पॅकेजांचा साठा) आहे. तयार पॅकेज. काढायचं झालं तर एका आज्ञेत निघतं, कुठली फाइल कुठे आहे याचा हिशोब डीपीकेजीकडे (पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) राहतो. मिंट २२ तर उबुंटू २४.०४ वर आहे, त्यात ५.३.४ भांडारातच आहे. वाचनालयाचं मशीन सार्वजनिक असतं. आज कातळसडा आहेत, उद्या दुसरा स्वयंसेवक येईल. त्याला यूएसआर-लोकलमध्ये (सोर्सपासून बांधलेलं नेहमी जातं त्या फोल्डरात) पसरलेल्या फाइली कोण समजावणार? सोर्सपासून बांधण्याला माझा विरोध नाही, मी स्वतः पॅकेजं बांधते. पण सुडो मेक इन्स्टॉल ही आज्ञा मागे नोंद ठेवत नाही, हे मला कायम खटकतं.

कातळसडा

अबोली ताई, मुद्दा पटतो. मिंट २२ चा विचार केला होता. पण त्याच मशीनवर पुस्तक देवघेवीची नोंद असते, सभासदांची वर्गणी असते. ते सगळं हलवायचं तर कमिटीची परवानगी, मोठी इमेज डाउनलोड, आणि मध्येच काही बिघडलं तर देवघेव बंद. ते दिवाळीनंतर करू. पीपीएचा मार्ग नेटवाल्या मशीनवर नक्की सोपा, पण इथे नेटच नाही. पॅकेजं पेनड्राइव्हवरूनच आणावी लागणार.

करवंद

इथे माझं मत अबोलीपेक्षा थोडं वेगळं आहे. पॅकेजचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतात. ज्या मशीनला नेटच नाही तिथे तो फायदा शून्य होतो. उरतो तो नीट काढता येण्याचा फायदा. तो सोर्सपासून बांधूनही मिळवता येतो, फक्त जागा वेगळी द्यायची :

डॉट डॉट स्लॅश कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/टेसरॅक्ट५

(सोर्स फोल्डरच्या आत 'बिल्ड' नावाचं वेगळं फोल्डर करून तिथून चालवायचं, म्हणून दोन डॉट.) मग मेक, मग सुडो मेक इन्स्टॉल. सगळ्या फाइली त्या एका फोल्डरखाली जातील. नको झालं की ते फोल्डर काढलं की संपलं. यूएसआर-लोकल-बिनमध्ये 'टेसरॅक्ट५' या नावाने एक सिमलिंक करा. साधं 'टेसरॅक्ट' म्हटलं की जुनं ४.१.१, 'टेसरॅक्ट५' म्हटलं की नवं. दोन्ही गुण्यागोविंदाने राहतात.

आणखी एक फायदा. नेहमीप्रमाणे यूएसआर-लोकलमध्ये टाकलंत तर पहिल्यांदा चालवताना हमखास येणारा संदेश म्हणजे 'लिबटेसरॅक्ट डॉट एसओ डॉट ५ उघडता येत नाही'. फाइल तिथेच असते, पण लोडरची (प्रोग्रॅमला लायब्ररी शोधून देणाऱ्याची) यादी जुनी असते. सुडो एलडीकॉन्फिग केलं की जातं. ऑप्टमध्ये टाकलं तर लिबटूल प्रोग्रॅमच्या आतच त्या फोल्डरचा पत्ता लिहून ठेवतं, त्यामुळे हा प्रश्न येत नाही.

अबोली

ऑप्ट असेल तर माझी हरकत बरीचशी मावळते. तरी सोर्सचं फोल्डर, कॉन्फिगरला दिलेले पर्याय आणि कोणत्या आवृत्तीचं सोर्स होतं हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये त्याच ऑप्ट फोल्डरात ठेवा. गिट डिस्क्राइबने आवृत्ती मिळते. आणि कृपा करून भांडारातलं ४.१.१ काढू नका. जीइमेजरीडर (टेसरॅक्ट खिडक्या-बटणांनी वापरायचा प्रोग्रॅम) असेल तर ते लिबटेसरॅक्ट ४ वर अवलंबून आहे, तेही सोबत निघून जाईल. ओसीआरमायपीडीएफचं (पीडीएफला शोधता येणारा मजकूर जोडणारा प्रोग्रॅम) वेगळं आहे. ते पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) आधी जे 'टेसरॅक्ट' सापडेल ते चालवतं, त्यामुळे त्याला नवं द्यायचं असेल तर ऑप्टचा बिन फोल्डर पाथमध्ये आधी लावावा लागेल.

मी असते तर तरीही .डेब पॅकेज बनवलं असतं. पण नेटशिवायच्या मशीनसाठी हा मार्गही चालण्यासारखा आहे.

नवशिका_कुडाळ

मध्येच विचारतो. नेट नसताना डेव्ह पॅकेजं आणली कशी? एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. मी एकदा कंटाळून सोडून दिलं होतं.

कातळसडा

एपीटी-गेट --प्रिंट-यूआरआयज इन्स्टॉल आणि पुढे पॅकेजांची नावं. हे काहीही इन्स्टॉल करत नाही, तुझ्या मशीनला नेमक्या कुठल्या फाइली लागतील त्यांचे पत्ते छापतं, अवलंबून असलेल्यांसकट. ती यादी फाइलमध्ये घ्यायची, रेंज असलेल्या ठिकाणी उतरवायची, आणून सुडो डीपीकेजी -आय करायचं. आम्हाला लागली ती : बिल्ड-इसेन्शियल, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग आणि लिबलेप्टॉनिका-डेव्ह. उरलेली त्यांच्यामागून आली. यादी त्याच मशीनवर काढायची, दुसऱ्याच्या मशीनवर काढली तर त्याच्याकडे आधीच असलेली पॅकेजं यादीत येत नाहीत.

करवंद

यात शेवटचं नाव विसरू नका. टेसरॅक्टला चित्रं वाचता येत नाहीत, ते काम लेप्टॉनिका करते. आणि 'लेप्टॉनिका तर आहे माझ्याकडे' म्हणून लोक अडतात. चालवायला लागते ती लायब्ररी, बांधायला लागतात तिच्या हेडर फाइली, आणि त्या '-डेव्ह' पॅकेजमध्ये वेगळ्या असतात. कॉन्फिगर स्वतःच नाव सांगतं : 'लेप्टॉनिका १.७४ किंवा पुढची हवी, लिबलेप्टॉनिका-डेव्ह टाकून बघा.' उबुंटू २२.०४ मध्ये १.८२ आहे, पुरेशी आहे. तीही सोर्सपासून बांधायच्या भानगडीत पडलात आणि तेव्हा पीएनजी, जेपेग, टिफच्या डेव्ह फाइली नसतील तर बांधणी बिनबोभाट होईल, पण ती लेप्टॉनिका ते प्रकार उघडू शकणार नाही.

मी दापोलीची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, त्यानंतर आमच्याकडे वीज आणि नेट किती काळ नव्हतं ते इथल्यांना सांगायला नको. तेव्हापासून लागणारी सगळी डेब पॅकेजं आणि सोर्सचे टार मी एका बाहेरच्या डिस्कवर, शा-२५६ बेरजांसकट (फाइल जशीच्या तशी आहे का ते ताडायचे आकडे) ठेवते. पेनड्राइव्हवरून आलेला टार उलगडण्याआधी शा२५६सम करून मित्राकडच्या बेरजेशी ताडून बघायची सवय तुम्हीही लावा. दमट हवेत पेनड्राइव्ह कधी दगा देईल सांगता येत नाही.

कातळसडा

मोठी प्रगती. बॅटरी बदलली, तारीख टाकली, नव्याने उलगडून ऑप्टसाठी कॉन्फिगर केलं. या वेळी मेक सरळ सीसी फाइली कंपाइल करायला लागलं. इतका आनंद झाला की आमच्या ग्रंथपाल मावशीही उठून पडद्याशी आल्या.

निम्म्याच्या पुढे गेलं आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी थकलेली आहे, मशीन लगेच बंद पडलं. आता वीज आली आहे. परत मेक केलं तर जिथे थांबलं होतं तिथून पुढे गेलं, हे भारी वाटलं. पण शेवटी जोडणीच्या वेळी एका .ओ फाइलबद्दल (कंपाइल झालेला तुकडा) 'फाइल फॉर्मॅट ओळखता येत नाही' म्हणून थांबलं. ही पहिलीच एरर आहे, वर काही नाही, नीट बघितलं.

करवंद

पहिली एरर बघून सांगितलीत, त्यामुळे उत्तरही सरळ देता येतं.

मेक पुढून सुरू झालं ते त्याच वेळेच्या हिशोबाने. शिजलेला भात ते पुन्हा शिजवत नाही. कंट्रोल-सी दाबलं तर मेक हातातली अर्धवट फाइल पुसून मगच थांबतं. वीज गेली तर पुसायला कोणी नसतं. शिवाय लिनक्स लिहिलेला मजकूर थोडा वेळ मेमरीत ठेवून मग डिस्कवर उतरवतं, म्हणून वीज जाण्याच्या आसपास बनलेल्या फाइली डिस्कवर नावाला असतात, पण रिकाम्या किंवा तुटक्या. वेळ मात्र ताजी. मेकला वाटतं, झालंय हे. कंपायलरची चूक नाही, सोर्सचीही नाही.

रिकाम्या फाइली शोधून (फाइंड . -नेम '*.ओ' -साइझ ०) पुसता येतात, पण अवलंबित्वाच्या नोंदी ठेवणाऱ्या छोट्या फाइलीही तशाच तुटलेल्या असू शकतात आणि मग मेक भलत्याच ओळीवर 'सेपरेटर नाही' म्हणून अडतं. तुमचं बिल्ड फोल्डर वेगळंच आहे. ते पूर्ण काढा, नवं करा, परत कॉन्फिगर आणि मेक. सोर्सला धक्का लागत नाही. बिल्ड फोल्डर वेगळं ठेवण्याचा खरा उपयोग हाच.

दर्यावर्दी

आणि मेक -जे२ (एका वेळी दोन जॉब) च्या पुढे जाऊ नका. इंटरनेटवर जे८, जे१६ लिहिलेलं असतं ते बघून लोक टाकतात. सी++ ची एकेक फाइल कंपाइल करताना बरीच मेमरी लागते. ४ जीबीत डेस्कटॉप, ब्राउझर आणि चार कंपायलर मावत नाहीत, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यातला एक मारून टाकतो आणि 'सीसी१प्लस किल्ड' असा संदेश येतो. तो सोर्समधला दोष समजून माणूस भलतीकडे शोधत बसतो. ब्राउझर बंद करा, जे२ ठेवा, आणि जमलं तर सकाळच्या वेळात करा. आमच्याकडे रत्नागिरीत तरी पावसात संध्याकाळची वीज भरवशाची नसते.

बांदा_नाका

यूपीएसाची बॅटरी पण बदल रे. माका वाटता कमिटीक सांगलंस तर नाय म्हणाचे नाय. पुस्तकां वाचवतास तुम्ही.

कातळसडा

झालं! 'टेसरॅक्ट५ --व्हर्जन' ने ५ दाखवलं.

पहिल्या पानावर 'मार डॉट ट्रेन्डडेटा उघडता येत नाही' आलं, ते समजलं. नवा प्रोग्रॅम आपल्याच ऑप्टमधल्या शेअर-टेसडेटा फोल्डरात बघतो, तिथे भाषांच्या फाइली नव्हत्या. जुन्या टेसरॅक्टची मराठीची फाइल तिथे नेली, चालली. ४ साठीची डेटा फाइल ५ ला चालते हे इथे नोंदवून ठेवतो.

मग ज्या पानासाठी एवढं केलं ते घेतलं. वरच्या कोपऱ्यापासून तळापर्यंत पाण्याचा डाग असलेलं. '-एल मार --पीएसएम ६ -सी थ्रेशोल्डिंग_मेथड=२'. डागाखालचा परिच्छेद आला! सगळा बिनचूक नाही. रफार कुठेकुठे हरवलाय, 'ऱ्या' चा 'या' झालाय, दोन-तीन जोडाक्षरं फुटली आहेत. पण वाचता येतोय आणि शोधताही येतोय. मावशींनी चष्मा पुसून दोनदा वाचला.

एक शंका. पुस्तक जुन्या शुद्धलेखनातलं आहे. 'घरांत', 'नाहीं', 'कीं', 'त्यांत'. काही ठिकाणी अनुस्वार येतात, काही ठिकाणी गळतात. स्कॅनमध्ये टिंब स्वच्छ दिसतंय तरी गळतंय.

अबोली

हे शब्दकोशामुळे होत असण्याची शक्यता आहे. भाषेच्या फाइलीत शब्दांची यादी असते आणि निर्णय अटीतटीचा झाला की टेसरॅक्ट यादीतल्या शब्दाकडे झुकतं. हे न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेले, त्यामुळे आजच्या मजकुरावरून केलेल्या यादीत 'नाही' असणार. '-सी लोड_सिस्टम_डॉग=० -सी लोड_फ्रीक्_डॉग=०' लावून तेच पान परत काढा आणि दोन्ही निकाल डिफने (दोन फाइलींतला फरक दाखवणारी आज्ञा) ताडून बघा. स्वच्छ पानांवर शब्दकोशाचा उपयोगही होतो, म्हणून सरसकट बंद करू नका, पुस्तकागणिक ठरवा.

दुसरं, भांडारातून येते ती 'फास्ट' प्रकारची डेटा फाइल. 'बेस्ट' प्रकारची मराठी फाइल वेगळी मिळते. वेगाने मंद, पण तुमच्या कामाला घाई नाही. पुढे तुमच्याच छपाईच्या नमुन्यांवर तिला आणखी शिकवायचं ठरलं तर पाया म्हणून बेस्टच लागते, फास्ट शिकवता येत नाही. त्यासाठी बांधणीच्या वेळी 'मेक ट्रेनिंग' आणि 'सुडो मेक ट्रेनिंग-इन्स्टॉल' असं वेगळं करावं लागतं. सोर्सचं फोल्डर सांभाळून ठेवा म्हटलं ते यासाठीही. हे मी मनापासून सांगते : खिळ्यांच्या जुन्या मराठी छपाईची तपासलेली पानं आपल्याकडे फार थोडी आहेत. तुम्ही हाताने दुरुस्त केलेला मजकूर स्कॅनच्या शेजारी ओळीला ओळ लावून ठेवलात तर तो तुमच्या गावापुरता राहणार नाही.

कातळसडा

शब्दकोश बंद केल्यावर 'नाहीं', 'घरांत' बरेच परत आले. दुरुस्त पानं जपून ठेवतोय. ज्या लेखकांना जाऊन ६० वर्षं झाली आहेत त्यांची पुस्तकं प्रताधिकारातून मोकळी आहेत, ती आधी घेतो.

काही मोडी कागदही आहेत कोणाकोणाकडे. त्यांचं काही होईल का?

करवंद

हाताने लिहिलेली मोडी या मार्गाने नाही होणार. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, त्यामुळे वाचलेला मजकूर मोडीतच टाइप करून ठेवता येतो, पण वाचायला मोडी जाणणारा माणूसच हवा. कागद मात्र आत्ताच स्कॅन करून ठेवा, रंगीत आणि ६०० डीपीआयला. काळे-पांढरे करू नका.

नवशिका_कुडाळ

हे सगळं वाचून मलाही काहीतरी बांधायचंय. काकांचा ट्रॉलर आहे मालवणला, त्यांना लॅपटॉपवर ओपनसीपीएन (समुद्री नकाशे दाखवणारा प्रोग्रॅम) हवंय. सोर्स घेतलंय, पण त्यात कॉन्फिगर फाइलच नाही. ऑटोजेनही नाही.

दर्यावर्दी

कारण ते सीमेक (बांधणीचंच दुसरं साधन) वापरतं. सोर्स फोल्डरात सीमेकलिस्ट्स डॉट टीएक्सटी दिसली की समजायचं. सीमेक -एस . -बी बिल्ड, आणि प्रीफिक्ससाठी -डी सीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्स. मग सीमेक --बिल्ड बिल्ड. इन्स्टॉल केल्यावर बिल्ड फोल्डरात इन्स्टॉल_मॅनिफेस्ट नावाची फाइल बनते, कुठे काय टाकलं त्याची पूर्ण यादी तीत असते, ती फेकू नकोस. खिडक्या, बटणं यांसाठी डब्ल्यूएक्सविजेट्सची डेव्ह पॅकेजं लागतील.

शिकायला जरूर बांध, तुझ्या स्वतःच्या मशीनवर. काकांच्या लॅपटॉपवर मात्र भांडारातलं किंवा फ्लॅटहबवरचं तयार ओपनसीपीएन टाक. बोट खोल समुद्रात असताना लायब्ररी सापडत नाही म्हणून पडदा कोरा राहिला तर तिथे तू नसशील. आणि जीपीएस जोडल्यावर लाल-हिरवी पट्टी हलली नाही तर आधी काकांचं नाव डायलआउट गटात आहे का ते बघ, सिरीयल पोर्ट वाचायची परवानगी त्या गटाला असते. गटात टाकल्यावर लॉगआउट करून परत आत यावं लागतं.